पत्रा कोणत्या मथळ्याखाली बसतो? पोलादाची आयात, वर्गीकरण आणि सेफगार्डचे ओझे

पत्र्याच्या धंद्यात सेफगार्ड हा शब्द आता नवा राहिलेला नाही. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये एचआर कॉइलचा भाव विचारा, दलाल आधी सेफगार्डचे नाव घेईल आणि मग भाव सांगेल. कपाटे, शटर, ग्रिल, पेट्या, बिजागऱ्या बनवणारे आमचे बहुतेक कारागीर बांधव स्वतः आयात करीत नाहीत. परदेशातून बोटीने आलेला माल त्यांच्यापर्यंत तिसऱ्या-चौथ्या हाताने येतो. म्हणून "हे सारे बड्या आयातदारांचे प्रकरण आहे, आपल्याला काय त्याचे?" असा एक समज आहे. हा समज महागात पडतो. बंदरावर बसलेले शुल्क शेवटी किलोमागे रुपयांच्या रूपाने कारखान्याच्या दारात येतेच, आणि कागदावर चुकीचा मथळा पडला असेल तर त्याची झळही कधी ना कधी खालपर्यंत पोचते.

आधी शब्दाविषयी एक खुलासा. मराठीत अशा करांना पूर्वीपासून 'जकात' म्हणण्याची रीत आहे. आमच्या वाचकांच्या लेखी जकात ही वेगळीच आणि पवित्र गोष्ट असल्याने या लेखात आम्ही सरळ 'सीमाशुल्क' किंवा 'आयात शुल्क' असेच म्हणणार आहोत.

आकड्यांची भाषा

जगातल्या बहुतेक सर्व देशांचे सीमाशुल्क खाते मालाला नावाने नव्हे, आकड्याने ओळखते. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केलेली ही पद्धत १९८८ सालच्या जानेवारीपासून अमलात आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे असतात. आपल्याकडे सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या पहिल्या परिशिष्टात २००३ पासून आठ आकडी क्रमांक वापरले जातात. जीएसटीच्या बिलावर आपण जो एचएसएन कोड लिहितो तो याच झाडाची फांदी आहे. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याने व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर चार आकडे आणि त्यावरच्या उलाढालीला सहा आकडे लिहिणे बंधनकारक झाले. म्हणजे ज्याने आयुष्यात बंदर पाहिले नाही त्यालाही ही भाषा आता टाळता येत नाही.

लोखंड व पोलाद प्रकरण ७२ मध्ये येते आणि त्यापासून बनवलेल्या वस्तू प्रामुख्याने प्रकरण ७३ मध्ये. ७२ मध्येही घरे पाडलेली आहेत. साध्या पोलादाचा, ६०० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, गरम रोलिंग केलेला, काहीही मुलामा नसलेला पत्रा ७२०८ मध्ये जातो. थंड रोलिंगचा, म्हणजे आपला सीआर, ७२०९ मध्ये. जस्ताचा मुलामा दिलेला जीपी आणि रंगीत पत्रा ७२१० मध्ये. रुंदी ६०० पेक्षा कमी झाली की घर बदलते आणि बिनमुलाम्याचा माल ७२११ मध्ये, मुलाम्याचा ७२१२ मध्ये जातो. एकच कॉइल स्लिटिंग मशीनवर चिरली की तिचा क्रमांक बदलतो, धातू मात्र तोच राहतो.

ग्रिलवाल्यांना रोज हाताळावी लागणारी पट्टी घ्या. पत्रा कशाला म्हणायचे आणि सळई-पट्टी कशाला, हे प्रकरण ७२ च्या टिपेत मापानिशी दिले आहे. जाडी ४.७५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर रुंदी जाडीच्या निदान दहापट हवी, तरच तो सपाट रोल केलेला माल. जाडी ४.७५ किंवा अधिक असेल तर रुंदी १५० मिलिमीटरपेक्षा जास्त आणि जाडीच्या निदान दुप्पट हवी. आता ४० बाय ३ ची पट्टी: तीन गुणिले दहा म्हणजे तीस, चाळीस त्याहून जास्त, म्हणून ती कायद्याच्या दृष्टीने 'सपाट माल'. तीच २५ बाय ३ असेल तर पंचवीस हे तीसपेक्षा कमी, म्हणून ती 'बार'. आणि २५ बाय ५ असेल तर जाडी ४.७५ च्या वर गेली, रुंदी दीडशेच्या आसपासही नाही, म्हणून तीही 'बार'. दुकानात तिन्हींना आपण पट्टीच म्हणतो. बाजारातले नाव कायद्याला नेहमीच चालते असे नाही.

सहा नियम

माल कोणत्या मथळ्यात बसवायचा यासाठी सहा सर्वसाधारण नियम आहेत. त्यांपैकी पहिलाच सर्वांत वजनदार आहे. प्रकरणाचे वर दिलेले नाव केवळ सोयीसाठी असते. निर्णय होतो तो चार आकडी मथळ्याचे शब्द आणि विभाग व प्रकरणाच्या टिपा यांवरून. टिप न वाचता नुसता मथळा वाचून वर्गीकरण करणारा क्लिअरिंग एजंट आणि नाडी न पाहता औषध देणारा हकीम यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

दुसरा नियम अपुऱ्या व सुट्या मालाविषयी आहे. वस्तू अर्धवट असली पण तिला तयार वस्तूचे मूळ रूप आलेले असेल, किंवा ती जोडण्यासाठी सुटी करून पाठवली असेल, तर ती तयार वस्तूच मानली जाते. पोलादी कपाटाच्या सगळ्या बाजू, दारे, फळ्या एका खोक्यात घालून आणल्या आणि त्यांना 'कापलेला पत्रा' म्हटले तर ते चालणार नाही. ते प्रकरण ९४ मधले फर्निचर आहे. तिसरा नियम दोन मथळे सारखेच लागू दिसतात तेव्हाचा आहे: अधिक नेमका तो आधी, नाहीतर मूळ गुण देणारा घटक, आणि तेही जमले नाही तर क्रमाने शेवटी येणारा. उरलेले तीन नियम जवळच्या साम्याविषयी, पेटी-आवेष्टनाविषयी आणि उपमथळ्यांविषयी आहेत. रोजच्या धंद्यात त्यांचा प्रश्न क्वचित येतो.

यंत्रमागाच्या गावांत एक गोष्ट वारंवार चुकते. मागासाठी आणलेला नट-बोल्ट किंवा स्प्रिंग हा 'मागाचा सुटा भाग' आहे असे समजून ८४४८ हा क्रमांक टाकला जातो. पण विभाग पंधराच्या टिपेप्रमाणे नट, बोल्ट, स्क्रू, साखळ्या, स्प्रिंग हे 'सर्वसाधारण उपयोगाचे भाग' आहेत. ते कोणत्याही यंत्राला लागोत, नट-बोल्ट ७३१८ मध्ये आणि लोखंडी स्प्रिंग ७३२० मध्येच जाते. भिवंडी-मालेगावच्या स्पेअर पार्टवाल्यांनी आपली बिले या दृष्टीने एकदा तपासून घ्यावीत.

भंगारवाल्यांसाठीही असेच. ७२०४ मध्ये तोच माल बसतो जो तुटल्यामुळे, कापल्यामुळे, झिजल्यामुळे किंवा अन्य कारणाने आहे त्या रूपात निश्चितपणे वापरण्यालायक राहिलेला नाही. दुय्यम प्रतीचा पण वापरता येणारा पत्रा भंगार म्हणून उतरवला तर तपासणीत कंटेनर अडतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात लोखंडी भंगारावरील मूळ आयात शुल्क शून्य करण्यात आले आणि पत्र्यावर साडेसात टक्के ठेवले गेले. ही दरी दिसली की मोह होतो, आणि खात्यालाही ती दरी दिसते. जहाज तोडण्यासाठी आले तर त्याचा मथळा ८९०८ असतो. अलंगच्या किनाऱ्यावर ते कापले गेले की मग पुढची कहाणी.

आठ ग्रॅम बोरॉनची गोष्ट

वर्गीकरणावर किती पैसा फिरतो याचे आम्हाला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण चीनचे आहे. साध्या पोलादात ठरावीक मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणात मिसळली की ते 'मिश्र पोलाद' होते आणि मथळा ७२०८ वरून ७२२५ वर जातो. क्रोमियमसाठी ही मर्यादा ०.३ टक्के आहे, म्हणजे टनामागे तीन किलो. पण बोरॉनसाठी ती अवघी ०.०००८ टक्के आहे. हिशेब केला तर टनामागे आठ ग्रॅम! चहाचे दोन चमचे साखर म्हणा ना.

चीनमध्ये मिश्र पोलादाच्या निर्यातीवर कराचा परतावा मिळत असे, साध्या पोलादावर नाही. गिरण्यांनी साध्या कॉइलमध्ये हे आठ ग्रॅम टाकायला सुरुवात केली. माल तोच, काम तेच, पण कागदावर तो मिश्र पोलाद झाला आणि परतावा पदरात पडला. जगभरच्या बाजारांत हा स्वस्त माल ओतला गेला. अखेर १ जानेवारी २०१५ पासून चीनने बोरॉनच्या मालावरचा परतावा बंद केला, तेव्हा बोरॉनची जागा क्रोमियमने घेतली.

याचा धडा आपल्या सरकारनेही घेतला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी भारताने गरम रोलिंगच्या कॉइलवर २० टक्के सेफगार्ड शुल्क लावले तेव्हा मालाच्या वर्णनातच 'साधे आणि इतर मिश्र पोलाद' असे दोन्ही शब्द घातले. ते शुल्क पुढे १८, १५ व १० टक्के असे उतरत जाऊन मार्च २०१८ मध्ये संपले. मात्र त्याला ६०० मिलिमीटर रुंदीची अट होती. त्याखालचा माल त्यातून सुटत होता. जपानने या शुल्काविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये पंचमंडळाचा अहवाल बऱ्याच मुद्द्यांवर भारताच्या विरोधात गेला, पण तोवर शुल्कच संपलेले होते.

सेफगार्ड म्हणजे काय, आणि काय नव्हे

अँटी-डम्पिंग आणि सेफगार्ड यांची बाजारात सरमिसळ होते. अँटी-डम्पिंगमध्ये परदेशी विक्रेत्यावर ठपका असतो: तो स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावात इथे माल ओततो. सेफगार्डमध्ये कोणावरही ठपका नसतो. आयात अचानक फार वाढली आणि त्यामुळे देशी उत्पादकांना गंभीर इजा झाली किंवा होण्याचा धोका आहे, एवढे सिद्ध झाले की पुरे. कायद्याचे कलम ८ब त्यासाठी आहे. जागतिक कराराप्रमाणे हे शुल्क एकदम चार वर्षांपेक्षा जास्त लावता येत नाही (मुदतवाढीची सोय वेगळी), आणि एक वर्षाहून अधिक काळ ठेवायचे तर ते क्रमाने उतरवत न्यावे लागते. आयातीत ज्यांचा वाटा तीन टक्क्यांहून कमी आहे अशा विकसनशील देशांना त्यातून सूट असते.

ताजा प्रकार असा. इंडियन स्टील असोसिएशनच्या अर्जावरून व्यापार उपाय महासंचालनालयाने डिसेंबर २०२४ मध्ये चौकशी सुरू केली. २०२१-२२ मध्ये सुमारे २३ लाख टन असलेली या मालाची आयात ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात सुमारे ६६ लाख टनांवर गेल्याचे प्राथमिक निष्कर्षात नोंदवले गेले. २१ एप्रिल २०२५ रोजी अर्थ मंत्रालयाने २०० दिवसांसाठी १२ टक्के हंगामी शुल्क लावले. ३० डिसेंबर २०२५ च्या अधिसूचनेने ते तीन वर्षांचे झाले: २० एप्रिल २०२६ पर्यंत १२ टक्के, पुढच्या वर्षी साडेअकरा आणि त्यापुढच्या वर्षी, म्हणजे २० एप्रिल २०२८ पर्यंत, अकरा टक्के. गरम रोलिंगचा पत्रा व प्लेट, सीआर, जीपीसारखा मुलाम्याचा पत्रा आणि रंगीत पत्रा हा सगळा सपाट माल त्यात आला. स्टेनलेस त्यात नाही. सळई, अँगल, चॅनलही नाहीत. जालन्याच्या सळईला या शुल्काचा थेट आधार नाही. विकसनशील देशांच्या सवलतीतून चीन व व्हिएतनाम वगळलेले आहेत. जपान व कोरियाकडून मुक्त व्यापार करारामुळे मूळ शुल्क न भरता येणाऱ्या मालालाही सेफगार्ड चुकत नाही.

हिशेब सोपा करून सांगतो. बंदरात पोचलेल्या मालाची किंमत १०० रुपये धरा. साडेसात टक्के मूळ शुल्क ७.५०, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार ०.७५, आणि १२ टक्के दराने सेफगार्ड १२ रुपये. हा अधिभार सेफगार्डवर लागत नाही. एकूण १२०.२५ रुपये, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. नियमित नोंदणीवाल्याला जीएसटीची वजावट मिळते, सेफगार्डची मिळत नाही. ते किमतीत कायमचे मुरते. कंपोझिशनमध्ये असलेल्या छोट्या फॅब्रिकेटरच्या नशिबी दोन्ही ओझी येतात.

यात एक खाच आहे. एप्रिल २०२५ च्या अधिसूचनेत प्रत्येक प्रकाराला किमतीचा उंबरठा दिला गेला: गरम रोलिंगच्या कॉइलला टनामागे ६७५ डॉलर, सीआरला ८२४, मुलाम्याच्या पत्र्याला ८६१, रंगीत पत्र्याला ९६४. माल या किमतीच्या खाली नसेल तर सेफगार्ड नाही. आता ६७४ डॉलरची कॉइल पाहा. १२ टक्क्यांनी तिच्यावर जवळपास ८१ डॉलर चढले, ती ७५५ ला पडली. ६७६ ची कॉइल ६७६ लाच राहिली. आजवर सीमाशुल्क खाते किंमत कमी दाखवणाऱ्यांच्या मागे असे. इथे किंमत फुगवून दाखवण्याचा मोह निर्माण झाला. फुगवलेले पैसे परदेशातून परत कसे आणणार, या प्रश्नाचे उत्तर हवाला असते आणि तिथून प्रकरण केवळ सीमाशुल्काचे राहत नाही. अशा 'सोयी' सुचवणाऱ्या दलालापासून आमच्या व्यापारी बांधवांनी चार हात दूर राहावे.

कच्च्याला कवच, पक्क्याला नाही

आमचे स्पष्ट मत असे की मोठ्या गिरण्यांची तक्रार खोटी नाही. चीनचा जादा माल जगभर भटकतो आहे आणि अमेरिकेने ४ जून २०२५ पासून पोलादावरचे शुल्क ५० टक्के केल्यावर तो इकडे वळण्याची भीती रास्त होती. पण या कवचाची रचना छोट्या कारागिराच्या विरुद्ध जाते. बिजागरी, कडी, कुलूप बनवणाऱ्याला पत्रा महाग मिळतो, कारण आयात माल महागला की देशी गिरण्यांनाही भाव वर नेण्यास जागा मिळते. आणि त्याच पत्र्यापासून परदेशात बनलेले कुलूप प्रकरण ८३ मध्ये, खिळे-स्क्रू प्रकरण ७३ मध्ये बसतात. त्यांना सेफगार्ड लागू नाही. कच्च्या मालाला तटबंदी आणि पक्क्या मालाला वेस उघडी, असा हा प्रकार आहे. अलीगढच्या कुलूपवाल्यापासून मुंबईच्या गल्लीतल्या बिजागरीवाल्यापर्यंत सर्वांना तो सारखाच जाचतो.

याविरुद्ध बोलायची जागा कायद्यात आहे. चौकशीच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत माल वापरणाऱ्या उद्योगालाही 'हितसंबंधी पक्ष' म्हणून नोंद करता येते, लेखी म्हणणे देता येते, तोंडी सुनावणीत हजर राहता येते. पण तिथे गिरण्यांच्या बाजूने नामांकित वकील असतात, मोठ्या आयातदारांच्या बाजूने असतात. दहा कामगारांच्या कारखान्याच्या बाजूने बहुधा कोणी नसते. एकट्याने ते शक्यही नाही. आपल्याकडे वस्तीनिहाय, धंद्यानिहाय संघटना आहेत, त्यांची वार्षिक जेवणेही होतात. त्याच संघटनांनी दहा-वीस सदस्यांचे तीन वर्षांचे खरेदीचे दर, विक्रीचे दर आणि बंद पडलेल्या मशीनची संख्या एका तक्त्यात मांडून पाठवली तर तो पुरावा ठरतो. नुसत्या निवेदनाचा तिथे उपयोग होत नाही.

जे निर्यात करतात, स्वतः किंवा निर्यातदाराचे सहायक उत्पादक म्हणून, त्यांनी ॲडव्हान्स ऑथोरायझेशनची चौकशी करावी. निर्यातीच्या मालात वापरायचा पत्रा त्याखाली मूळ शुल्क व सेफगार्ड दोन्ही न भरता आणता येतो. अट अर्थात निर्यात पूर्ण करण्याची.

वाद उद्भवलाच तर

२०११ पासून आयातदार स्वतःच शुल्काची आकारणी करून बिल ऑफ एंट्री भरतो. मथळा चुकला तर साध्या प्रकरणात दोन वर्षांपर्यंत आणि लबाडी किंवा माहिती दडवल्याचा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत नोटीस येऊ शकते. लबाडी सिद्ध झाली तर शुल्काइतकाच दंड आणि वर व्याज. मात्र एक बाजू आपल्याही हातात आहे: आपण लावलेला मथळा चूक आहे आणि खात्याचा बरोबर, हे सिद्ध करण्याचे ओझे खात्यावर असते. म्हणून गिरणीचे टेस्ट सर्टिफिकेट, हीट नंबर, जाडी-रुंदीची नोंद, हे कागद पाच वर्षे तरी जपावेत. नोटिशीला उत्तर न देता गप्प बसणे हा सर्वांत वाईट मार्ग.

नवा माल आणण्याआधीच शंका असेल तर आगाऊ निर्णय मागता येतो. त्यासाठीचे प्राधिकरण २०२१ पासून मुंबई व दिल्लीत बसते. त्याचा निर्णय अर्जदारावर आणि सीमाशुल्क खात्यावर, दोघांवर बंधनकारक असतो. मथळ्यांची पुढची जागतिक आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून अमलात यायची आहे, तेव्हा लांबच्या सौद्यात क्रमांक लिहिताना तेही ध्यानात ठेवावे.

आणि सौद्याविषयी शेवटचे. शुल्काचा दर सौद्याच्या तारखेचा लागत नाही. बिल ऑफ एंट्री सादर झाल्याची तारीख किंवा बोटीला प्रवेश मिळाल्याची तारीख, यांत जी नंतरची तिचा दर लागतो. गोदामात बाँडमध्ये ठेवलेल्या मालाला तो बाहेर काढण्यासाठी कागद भरल्याच्या दिवसाचा. सौदा जुन्या दराने झाला आणि माल येईपर्यंत दर बदलला तर? माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ६४अ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर वाढलेले शुल्क विक्रेत्याला किमतीत मिळवता येते, आणि शुल्क कमी झाले तर तेवढी रक्कम खरेदीदाराला कापून घेता येते. वाढ मागायला विक्रेते विसरत नाहीत. या शुल्काचा दर मात्र दरवर्षी २१ एप्रिलला अर्ध्या टक्क्याने उतरणारा आहे, तेव्हा त्या तारखेच्या आगेमागे होणाऱ्या सौद्यांच्या चिठ्ठीवर उतरलेल्या दराचा फायदा कोणाचा, हे खरेदीदाराने आधीच लिहून घ्यावे.